शेताची किंमत आणि तार्साची वाट

वाचन : प्रेषितांची कृत्ये 4:36-37, 9:26-30, 11:22-26



बर्णबाचे नाव घेतले म्हणजे आपल्या मंडळ्यांतील बहुतेकांस त्याने विकलेले शेत आठवते. उपकारस्तुतीच्या उपासनेत ह्या उताऱ्यावर उपदेश करण्याची आपल्याकडे वहिवाटच पडली आहे, आणि आम्हीही तो कित्येकदा केला आहे. कारण, खरे सांगावयाचे तर, उपदेशानंतर दानपेटी फिरावयाची असते. शेत विकणे म्हणजे काय, हे वर्धा जिल्ह्यातील मनुष्यास समजावून सांगावे लागत नाही. कुप्र बेटाच्या त्या लेव्याने ते विकले आणि पैसा आणून प्रेषितांच्या पायांशी ठेवला, हे ऐकताच काळ्या कसदार मातीत राबणाऱ्या माणसाच्या पोटात कालवते.

परंतु लूकाचा ग्रंथ नीट वाचला तर एक गोष्ट ध्यानात येते. त्या शेतासाठी त्याने केवळ दोन वचने दिली आहेत. किती एकर होते, काय भाव आला, कोणी घेतले, ह्याचा पत्ता नाही. पुढे मात्र तो बर्णबाच्या पायांच्या मागोमाग चालू लागतो, आणि कितीतरी अध्याय चालतो.

शौल दिमिष्काहून यरुशलेमेस आला तेव्हा तेथील शिष्य त्याला भीत होते. ज्याने घरोघर शिरून माणसे बंदीत टाकली, तो आज आपण शिष्य झालो म्हणतो, हे कोणी खरे मानावे? तेव्हा बर्णबाने त्यास बरोबर घेतले, प्रेषितांकडे नेले व त्याच्याकरिता आपला शब्द खर्च केला. पुढे त्याच्या जिवावर बेतले म्हणून बंधूंनी शौलास तार्सास पाठवून दिले, आणि ग्रंथात त्याच्याविषयी काही काळ शांतता आहे. हुशार, शिकलेला, देवाने निवडलेला मनुष्य. परंतु तो आपल्या गावी जाऊन बसला आणि यरुशलेमेत कोणी त्याचा पुन्हा विचार केल्याची नोंद नाही. मंडळीला त्याचा द्वेष नव्हता. मंडळी आपल्या कामांत होती, इतकेच.

मग अंत्युखियात काम वाढले आणि बर्णबास तो आठवला. त्याने निरोप धाडला नाही. तो स्वतः शोध करावयास निघाला. अंत्युखिया ते तार्स ही वाट आजच्या मापाने दोनशे किलोमीटरांच्या घरात जाते. वर्ध्याहून नागपूर गाठावे, परत वर्ध्यास यावे आणि पुन्हा नागपुरास जावे, एवढी ती पायपीट होय. तेथे पोचल्यावरही शौल कोठे भेटेल हे त्यास ठाऊक असावे असे दिसत नाही, कारण शोधून काढावे लागले असे ग्रंथकार सुचवितो. त्याने त्यास आणले, आणि पुरे एक वर्ष दोघे एके ठिकाणी शिकवीत राहिले. म्हणजे ज्याने शेताची किंमत दिली, त्यानेच तार्साची वाटही तुडविली. पहिले दान एका दिवसात झाले. दुसऱ्यास वर्षे लागली.

हा उतारा आज आम्ही आठवीत शिकणाऱ्या मुलामुलींकरिता वाचीत आहो.

आमचा जिल्हा शिक्षणाच्या गोष्टीत अगदी नवखा नाही. 1937 च्या ऑक्टोबर महिन्यात वर्ध्यास जी शिक्षण परिषद भरली, तिने देशातील प्रत्येक मुलास सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे असा ठराव केला. त्यातून सेवाग्रामी नयी तालीमचे काम उभे राहिले, आणि ते ज्यांनी अंगावर घेतले त्या आर्यनायकम् दांपत्यातील पती हे लंकेतील ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले गृहस्थ होते. आपल्या मंडळ्यांत हे फार थोड्यांस ठाऊक आहे. त्या ठरावाचे कायद्यात रूपांतर व्हावयास मात्र 2010 चा एप्रिल उजाडावा लागला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क त्या दिवसापासून लागू झाला. म्हणजे आठवीपर्यंत सरकार मुलाचा हात धरते. नववीच्या उंबरठ्यावर तो हात सैल पडतो, आणि नेमक्या त्याच वयात मूल वेचणीच्या व निंदणीच्या कामाचे होते. आपल्या वस्त्यांतून मुले शाळेतून गळतात ती बहुतेक येथेच.

हे ओळखूनच केंद्र सरकारने 2008 साली एक शिष्यवृत्ती सुरू केली. तिचे नाव लांबलचक आहे : राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती योजना. शाळामास्तर तिला इंग्रजी आद्याक्षरांनी एन. एम. एम. एस. म्हणतात, आणि गावात तेच नाव चालते. संपूर्ण देशासाठी दरसाल एक लक्ष शिष्यवृत्त्या ठरविल्या गेल्या. त्यांपैकी 11,682 महाराष्ट्राच्या वाट्यास आल्या. प्रारंभी वर्षाला 6,000 रुपये मिळत. 2017 पासून 12,000 झाले, आणि ते नववीपासून बारावीपर्यंत, मुलाच्याच बँकेच्या खात्यात. आईबापांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांहून अधिक नसावे, मुलाने सातवीत शेकडा 55 गुण मिळविलेले असावे (अनुसूचित जाती-जमातींस पाच गुणांची सवलत), आणि शाळा सरकारी, जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची अथवा अनुदानित असावी. परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. तिचे दोन पेपर असतात. एक बुद्धीची चाचणी, दुसरा शालेय विषयांचा. प्रत्येकी नव्वद प्रश्न. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत जातो.

ह्या शिष्यवृत्तीचे एक वैशिष्ट्य आम्हांस विशेष वाटते, आणि ते आपल्या लोकांपुढे मोकळेपणाने मांडणे अवश्य आहे. आपल्या पुष्कळ कुटुंबांचे आजे-पणजे आणि शेजारच्या बौद्ध वस्तीतील कुटुंबांचे आजे-पणजे एकाच गावकुसाबाहेरचे होते. परंतु 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 त शिखांस व 1990 त बौद्धांस तो लागू झाला. ख्रिस्ती झालेल्यांस नाही. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती कुटुंबांस इतर मागासवर्गांत धरतात, तेथील सवलती वेगळ्या. अल्पसंख्याकांच्या मुलांना पहिलीपासून मिळणारी केंद्राची शिष्यवृत्तीही 2022 साली आठवीपर्यंतच्या वर्गांकरिता बंद झाली. अशा स्थितीत बापाच्या मनात मोह उत्पन्न होतो, की शाळेच्या दाखल्यावर जुनेच नाव आणि जुनाच धर्म राहू द्यावा. रविवारी एक असावे व सोमवारी दुसरे. त्या बापास दरडावण्याचा आमचा अधिकार आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्याच्या घरी दोन वेळची चूल पेटण्याची भ्रांत आहे त्याला प्रामाणिकपणाचे व्याख्यान देणे सोपे असते. परंतु ज्या मुलास पहिल्याच अर्जावर आपला तारणारा लपविण्यास आपण शिकविले, त्याच्याकडून पुढे कोणत्या सत्याची अपेक्षा करावी? म्हणून आम्ही म्हणतो, ही शिष्यवृत्ती पाहा. ह्या परीक्षेस बसण्यास धर्माची अट नाही. येथे बाप गरीब आहे आणि मूल झटते आहे, एवढे मुख्यत्वे पाहिले जाते. जे आहे ते लिहा आणि मुलाला बसवा.

आता पैशाकडून माणसाकडे येतो.

मुंबईत 1907 साली एक महार मुलगा मॅट्रिक झाला. त्याचा सत्कार झाला तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर ह्या शिक्षक व ग्रंथकार गृहस्थांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यास भेट दिले. सत्कार, भेट आणि टाळ्या, एवढ्यावर पुष्कळ मुलांचे पुष्कळ सत्कार संपतात. केळुसकरांची त्या मुलाशी ओळख आधीच झाली होती. बागेत एकटा वाचीत बसलेला मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला होता आणि ते त्यास आपल्या संग्रहातील पुस्तके देऊ लागले होते. सत्कारानंतरही त्यांनी त्यास सोडले नाही. घरची स्थिती कॉलेजचा खर्च सोसण्यासारखी नाही हे दिसताच त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत त्याची गोष्ट पोचविली आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तीवर तो 1912 त बी. ए. झाला. पुढे 1913 साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड ह्याप्रमाणे तीन वर्षांसाठी, तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. ते डॉ. भीमराव आंबेडकर होत. शिष्यवृत्तीचा दाता म्हणून महाराजांचे नाव सर्वांस ठाऊक आहे, आणि ते योग्यच आहे; शेताची किंमत त्यांनी दिली. केळुसकरांचे नाव आपल्या गावांतून क्वचितच कोणी घेतो. तार्साची वाट त्यांनी तुडविली.

ख्रिस्ती वेदीवरून हे उदाहरण कशाला, असे आमचे काही बंधू विचारतील. डॉ. आंबेडकरांनी 1956 त नागपुरास बुद्धाचा मार्ग पत्करला, आमचा नव्हे. तरी परोपकार म्हणजे काय हे शिकवावयास आमच्या प्रभूने शोमरोनी मनुष्याचे उदाहरण घेतले, याजक-लेव्याचे घेतले नाही, हे ध्यानात असू द्यावे. शिवाय केळुसकरांनी मुलगा आपल्या मताचा होतो की नाही हे पाहून पुस्तके दिली नव्हती. मंडळीच्या ओसरीवर अभ्यासाचा दिवा लागेल तेव्हा त्याच्याभोवती शेजारची बौद्ध मुले, कोलाम वा गोंडांची मुले, कुणब्या-तेल्यांची गरीब मुले बसली तर त्यांस उठवू नये, आणि त्यांच्या आईबापांपुढे त्या दिव्याचा मोबदलाही मागू नये. पौलाने गलतीकरांस लिहिताना प्रथम सर्वांचे बरे करण्यास सांगितले आहे. विश्वासाच्या घराण्याचा उल्लेख त्यामागून येतो.

इतके लिहून झाल्यावर, ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ते सांगणे आता टाळता येत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या देखरेखीखालील एका लहान मंडळीतील मुलगा ही परीक्षा उतरला. बाप मोलमजुरी करणारा, अक्षरशत्रू; आई कापूस वेचणारी. ही परीक्षा बहुधा डिसेंबरात येते, आणि दिवाळीपासून वेचणीचा भर असतो; तेव्हा शाळा बुडवून आईबरोबर ओळीत उभे राहण्याच्या दिवसांत ह्या मुलाने नव्वद नव्वद प्रश्नांचे पेपर सोडविले होते. आम्ही वेदीवरून त्याचे नाव पुकारले, हार घातला, मंडळीने टाळ्या वाजविल्या, आणि आम्ही बर्णबाच्या शेतावर उपदेश केला.

नववीत पैसे आले. ही शिष्यवृत्ती दरसाल नूतनीकरण करून घ्यावी लागते, आणि ते संगणकावर होते. दहावीच्या वर्षी नूतनीकरण अडले. कारण क्षुल्लक होते : शाळेच्या नोंदवहीत त्याचे पाळण्यातले नाव, आधार कार्डावर बाप्तिस्म्याचे. एका रविवारी उपासना आटोपल्यावर तो कागदांची पिशवी घेऊन आमच्यापुढे उभा राहिला. आम्हांस त्या दुपारी सभेस जावयाचे होते. आम्ही त्यास म्हटले, “गुरुवारी ये.” गुरुवारी तो आला नाही, गुरुवार म्हणजे मजुरीचा दिवस, हे आम्हांस सुचावयास हवे होते. आम्हीही गेलो नाही. पुढचा गुरुवार गेला, आणि मग मुदतही गेली. शिष्यवृत्ती थांबली. वेचणीत तो पूर्वी अर्धा दिवस जाई, तो पुरा दिवस जाऊ लागला, आणि दहावीत तीन विषयांत नापास झाला. पुढे एका जिनिंगमध्ये गठाणी उचलण्याच्या कामास लागला. उपासनेस येईनासा झाला तेव्हा कोठे आम्ही त्याच्या घरी गेलो. आणि तेही, देव क्षमा करो, त्याच्या गैरहजेरीबद्दल विचारावयास.

मुलगा कामावर होता. त्याच्या आईने आम्हांस पाणी दिले. तक्रार केली नाही. नुसते म्हणाली, “पास्टर साहेब, त्या दिवशी तुमी सगळ्याइनं टाया वाजोल्या, तवा मले वाटलं, आता पोराच्या मांगं मानसं हायेत.”

बंधूंनो, सेमिनरीत आम्ही बर्णबाच्या नावाचा अर्थ परीक्षेत लिहून गुण मिळविले होते. बोधपुत्र; धीर देणारा. त्या बाईच्या खाटेवर बसून तो अर्थ आम्हांस पुन्हा शिकावा लागला.

तेव्हापासून बर्णबाच्या चरित्रातील शेवटची गोष्ट आम्हांस वेगळी दिसू लागली. योहान ऊर्फ मार्क हा तरुण पहिल्या प्रवासात पंफुल्यात त्यांस सोडून यरुशलेमेस परतला. का परतला, हे लिहिलेले नाही. घरची आठवण, आजार, भीती, काहीही असो. दुसऱ्या प्रवासाच्या वेळी पौल त्यास घेण्यास राजी नव्हता. एकदा गळलेला मनुष्य पुन्हा कशाला? आणि ज्या बर्णबाने त्याच पौलास तार्साहून शोधून आणले होते, तो ह्या एका मुलासाठी पौलापासून वेगळा झाला व मार्कास घेऊन कुप्रास गेला. त्यानंतर प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबाचे नाव येत नाही. ग्रंथ पौलाच्या मागे जातो. परंतु वृद्धपणी बंदिशाळेतून तीमथ्यास लिहिताना पौल म्हणतो की मार्कास घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे (2 तीमथ्य 4:11). मधल्या वर्षांत कुप्राच्या वाटांवर काय झाले हे कोणी लिहून ठेवले नाही. असे काम लिहून ठेवण्याजोगे नसतेच बहुधा. कोणाजवळ बसावे लागते, तेच ते पुन्हा सांगावे लागते, दोनदा नापास झालेल्यास तिसऱ्यांदा न हसता समजवावे लागते.

सुवार्तिक बंधूंनो, हे काम आपल्यावाचून होणार नाही. आम्ही महिन्यातून एकदा मंडळीत येतो. मूल सकाळी शाळेत गेले की शेतात, हे आपणांस दररोज दिसते. सातवीच्या निकालाच्या दिवशीच कोणास 55 गुण मिळाले ते विचारून ठेवा. बाप्तिस्म्याची नोंदवही आपल्याच पेटीत असते. ती मुलाच्या शाळेच्या दाखल्याशी आणि आधार कार्डाशी आताच ताडून पाहा, नावात फरक असेल तर आठवीतच दुरुस्त करून घ्या. उत्पन्नाचा दाखला तहसिलीतून काढावा लागतो. बापाची मजुरी बुडते म्हणून तो जात नाही, तेव्हा त्याच्याबरोबर आपण जा. आणि बापाशी एक करार करा की परीक्षेपूर्वीच्या महिन्यात मूल ओळीत उभे राहणार नाही. त्याची वेचणी कोण करील, असे तो विचारील. तो प्रश्न रास्त आहे. आमच्या एका मंडळीत तरुण संघाच्या मुलांनी दोन रविवारी उपासनेनंतर त्या घरची वेचणी करून दिली. शब्बाथाविषयी कुरकुर झाली, ती आम्ही ऐकून घेतली.

परीक्षा उतरणे हे अर्धे काम आहे. नववी व अकरावी पहिल्याच खेपेस उतरावी लागते, दहावीत शेकडा 60 गुण राखावे लागतात (अनुसूचित जाती-जमातींस 55), आणि दरसालचे नूतनीकरण चुकता कामा नये. म्हणून प्रत्येक मुलामागे मंडळीतील एक मनुष्य नेमावा, चार वर्षांकरिता. तो फार शिकलेला असलाच पाहिजे असे नाही. निवृत्त झालेला रेल्वेचा कामगार, नर्सिंग शिकणारी मुलगी, अंगणवाडीची ताई, कोणीही चालेल. आठवड्यातून एकदा घरी जाऊन वही पाहणारा आणि चार वर्षे न कंटाळणारा असला म्हणजे झाले. हार आणि टाळ्या ज्यांना द्यावयाच्या असतील त्यांनी द्याव्या. परंतु त्याच उपासनेत, टाळ्या थांबण्यापूर्वी, त्या मनुष्याचे नावही वेदीवरून पुकारले जावे.

ज्या मुलाविषयी लिहिले त्याच्याकडे आम्ही आता गुरुवारी जातो. जिनिंगची पाळी सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभे राहतो. पहिल्या खेपेस तो आम्हांस टाळून दुसऱ्या वाटेने गेला, आणि आम्ही त्याच्या आईपाशी बसून परत आलो. तिसऱ्या खेपेस थांबला. दहावीचे तीन विषय पुन्हा देता येतात, हे त्यास ठाऊक होते. अर्ज कोठे भरावा हे ठाऊक नव्हते. अर्ज भरला आहे. गणित आमच्याने होत नाही, ते मंडळीतील एक कॉलेजात शिकणारी मुलगी शिकविते. आम्ही मराठी व इतिहास घेतो. त्याच्या हातांना सुताच्या बारीक तंतूंचा वास येतो आणि तासाभराने त्याचे डोळे मिटू लागतात, तेव्हा थांबतो. उपासनेस येण्याविषयी आम्ही अद्याप काही बोललो नाही.

त्याच वस्तीत यंदा आठवीत तीन मुले आहेत. दोन आपली, एक शेजारच्या बौद्ध घरची. तिघांचेही दाखले ताडून झाले. एकाच्या नावात काना चुकला आहे, त्याकरिता येत्या सोमवारी त्याच्या बापाबरोबर आम्हांस तालुक्यास जावयाचे आहे.